आजारातून उठलेला हॅमस्टर: इंदूरच्या थंडीतले पहिले पंधरा दिवस

तुकोगंज_१२ · ८ जानेवारी, रात्री ९:१०

"औषध सुरू झालंय, डॉक्टरांनी घरी पाठवलंय, आता पुढे काय?" वेट टेलबद्दल, म्हणजे जुलाबाने मागची बाजू ओली राहते त्या आतड्याच्या आजाराबद्दल, हा प्रश्न वारंवार येतो आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरली आहेत. म्हणून एका जागी लिहायला घेतो. आकडे सीरियन, म्हणजे सोनेरी हॅमस्टरचे आहेत, वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम. ड्वॉर्फ ३० ते ५० ग्रॅमचा, त्याचा हिशेब वेगळा. जिथे फरक पडतो तिथे सांगतो, राहिलं तर जाणकारांनी जोडावं.

आधी ऊब, मग बाकी सगळं. आजारात खाणं सुटतं, अंगावरची चरबी उतरते, त्यात जुलाबाने मागची बाजू ओली. असा जीव स्वतःची ऊब टिकवू शकत नाही. आपल्याकडे जानेवारीत दुपारी २५-२६ अंश असतं आणि पहाटे पारा १० च्या आसपास उतरतो. माळव्याच्या गार रात्रींचं आपण कौतुक करतो, पण अशक्त हॅमस्टरला नेमकी तीच चढउतार सोसत नाही. पिंजऱ्यात २२ ते २४ अंश हवं, तेही चोवीस तास. भिंतीवरच्या घड्याळातलं तापमान धरू नका. पाचशे-सहाशे रुपयांच्या आत छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो. त्याचं टोक तळापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, हॅमस्टरच्या नाकाच्या उंचीला येईल असं लावा, वायर मात्र बाहेरून न्या, नाहीतर ती कुरतडली जाते. पिंजरा फरशीवर असेल तर उचलून टेबलावर ठेवा आणि खाली थर्माकोलची शीट घाला. फरशी सगळी ऊब ओढून घेते.

ऊब नेहमी एकाच बाजूला द्यायची. गरम पाण्याच्या रबरी पिशवीत हाताला सोसेल एवढं, ४० ते ४५ अंशांचं पाणी भरायचं, उकळतं नाही. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून, झोपायच्या घराला लागून टेकवायची. आत ठेवली की दातांनी भोक पाडतो आणि सगळं अंथरूण भिजतं. दुसरी बाजू मोकळीच राहू द्या. उकडलं तर त्याला सरकायला जागा हवी, हॅमस्टरला आपल्यासारखा घाम येत नाही. पिशवी तीन-साडेतीन तासांत निवते. रात्री दहाला भरली तर दीडला आणि पहाटे पाचला बदलायची. पहिल्या दोन-तीन रात्री गजर लावावाच लागतो, त्याला पर्याय नाही.

---

क्षिप्रा_म · ८ जानेवारी, रात्री ९:५२

दादा, अगदी वेळेवर धागा काढलात. सीरियन, नर, वय ७ आठवडे. आजाराआधी ८२ ग्रॅम, आज ७१. वेट टेल सांगितलंय, प्रतिजैविक दिवसातून दोनदा, परवा सलाइन कातडीखाली दिलं. जुलाब आता पाण्यासारखे नाहीत, पेस्टसारखे आहेत. दाण्यांना तोंड लावत नाही. किती, काय आणि कितीदा भरवायचं ते नेमकं कुणी सांगेल का?

---

सुदामानगरकर · ८ जानेवारी, रात्री १०:३०

क्षिप्राताई, ८२ वरून ७१ म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त घट. दहा टक्के ओलांडले की फक्त वाट पाहून चालत नाही, भरवावंच लागतं. उद्या डॉक्टरांना हा आकडाच सांगा. "जरा बारीक झालाय" एवढ्यावरून त्यांना काही ठरवता येत नाही.

निरोगी हॅमस्टर दर १०० ग्रॅम वजनाला दिवसात साधारण १० मि.ली. पाणी पितो. तुमच्याकडच्याला ७ मि.ली. हे नुसतं रोजचं, जुलाबातून जातंय ते वेगळं. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी चालेल, पण एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी घातली की ते इतकं खारट आणि दाट होतं की आतड्यातून पाणी उलट बाहेर ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. पुडी फोडून अर्धी-पाव करू नका, आतले क्षार सारखे मिसळलेले नसतात. एक लिटर बनवा, लागेल तेवढं घ्या, उरलेलं २४ तासांनी टाका. बाटलीत साधं पाणी राहू द्या, ओआरएस वेगळं, सिरिंजने.

अन्न असं. त्याचे नेहमीचे पेलेट मिक्सरमधून पीठ होईपर्यंत काढा, मैद्याच्या चाळणीने चाळा. एक चमचा पिठाला तीन चमचे कोमट पाणी, वीस मिनिटं फुगू द्या. सिरिंजमधून अडकत-अडकत आलं तर आणखी पाणी. पेलेट नसतील तर दलिया मऊ शिजवून, मीठ-तूप काही न घालता, गाळून. पातळ भाताची पेज एक-दोन दिवस चालते, पण तिच्यात प्रथिनं फार कमी, त्यामुळे तिच्यावरच ठेवू नका. ७१ ग्रॅमला दिवसात एकूण साडेतीन ते चार मि.ली. हे मिश्रण, एका वेळी ०.४ ते ०.५ मि.ली., दर तीन तासांनी. स्वतः खायला लागला की तेवढं कमी करत जायचं.

भरवायची पद्धत आकड्यांइतकीच महत्त्वाची. मऊ रुमालात गुंडाळून फक्त डोकं बाहेर, चारही पाय खाली टेकलेले, अंग सरळ. पाठीवर उताणं कधीही नाही. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी फट असते, तिथून बाजूने सिरिंजचं टोक आत न्या आणि जिभेच्या मध्याकडे वळवा. एकावेळी एक थेंब, फार तर ०.०५ मि.ली. चावताना जबडा हलतो, मग घोट गिळतो, मग पुढचा थेंब. घाई केली तर ते फुप्फुसात जातं. हॅमस्टरला उलटी करता येत नाही, चुकून गेलेलं बाहेर काढायची सोय त्याच्या शरीरात नाहीच.

आणखी एक, हे नवख्यांना माहीत नसतं. टोक गालाकडे राहिलं तर सगळं गालाच्या पिशवीत जमा होतं. पिशवी खांद्यापर्यंत मागे जाते. तुम्हाला वाटतं खाल्लं, आणि ते आत आंबत बसतं. भरवून झाल्यावर कानामागून पुढे दोन्ही बाजूंनी हलक्या बोटाने चाचपून बघा. एका बाजूला मऊ गोळा लागला तर पुढच्या वेळी टोकाची दिशा बदला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच असेल तर डॉक्टरांकडून पिशवी धुवून घ्या. घरी चिमटा-काडी नको.

---

पलासिया_चौक · ८ जानेवारी, रात्री ११:०५

सिरिंजबद्दल एक धोक्याची सूचना. मात्रेच्या चुका इथेच होतात.

"इन्सुलिनची बारीक सिरिंज द्या" म्हटलं की दुकानदार दोनपैकी कुठलीही देतो. लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. यू-१०० वर एक युनिट म्हणजे ०.०१ मि.ली. यू-४० वर एक युनिट म्हणजे ०.०२५ मि.ली. समजा डॉक्टरांनी ०.१२ मि.ली. औषध सांगितलं. यू-१०० वर ते १२ युनिटला. तेच "बारा" यू-४० वर ओढलं तर ०.३० मि.ली. येतं, अडीच पट. ७० ग्रॅमच्या जिवाला अडीच पट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

सोपा उपाय म्हणजे इन्सुलिनची सिरिंज घेऊच नका. १ मि.ली.ची ट्यूबरक्युलिन सिरिंज मागा. तिच्यावर थेट मि.ली. छापलेलं असतं, ०.०१ च्या रेघा असतात आणि सुई निघते. इन्सुलिनच्या पुष्कळ सिरिंजची सुई जोडलेलीच असते, ती तोंडातून द्यायच्या कामाची नाही. औषधाला एक, अन्नाला वेगळी. चार-पाच आणून ठेवा, रबर फुगलं की दट्ट्या झटके खातो आणि एकदम जास्त माल सुटतो.

ड्वॉर्फवाल्यांसाठी: ३५ ग्रॅमला मात्रा ०.०३-०.०४ मि.ली. अशी निघाली तर ती कुठल्याच सिरिंजने धड मोजता येत नाही. डॉक्टरांना सांगून औषध पातळ करून घ्या, म्हणजे तीच मात्रा ०.१-०.२ मि.ली. मध्ये बसेल. पातळ कशात करायचं हे त्यांनीच ठरवायचं, प्रत्येक औषध पाण्यात टिकत नाही.

---

लोकमान्यनगर_वहिनी · ९ जानेवारी, सकाळी ७:४०

सुदामानगरकर काकांनी सगळं लिहिलंय, फक्त दही राहिलं का? पोट बिघडल्यावर दह्याचं बोट सगळ्यांनाच लागू पडतं. ०.१ मि.ली. ताक प्रतिजैविकाबरोबर दिलं तर आतड्यातले चांगले जंतू परत येतील ना?

---

महू_रस्ता · ९ जानेवारी, सकाळी ८:२५

वहिनी, बरोबर तर नकोच. या आजारात बहुधा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन गटातलं औषध मिळतं. दुधातलं कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. म्हणजे दह्याचा फायदा होवो न होवो, औषधाचं नुकसान नक्की. शिवाय मोठ्या हॅमस्टरला दुधातली साखर नीट पचत नाही आणि जुलाब चालू असताना तर मुळीच नाही. जुलाब थांबून चार दिवस झाले, औषध संपलं, मग आठवड्यातून दोनदा तांदळाच्या दाण्याएवढं घट्ट दही द्यायचं तर द्या. आत्ता नको.

प्रतिजैविकाचा विषय निघालाच आहे तर कळकळीने सांगतो. घरात लहान मुलाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप असतं आणि "थोडंसं देऊन बघू" असा विचार येतो. कृपा करून देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही सगळी हॅमस्टरला घातक आहेत. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे माजतात आणि त्यांच्या विषाने काही दिवसांत जीव जातो. आजार वेट टेलचा होता की औषधाचा, हे मग कळतही नाही. जे डॉक्टर मुख्यतः कुत्री-मांजरं बघतात त्यांच्याकडे जाताना ही नावं कागदावर नेलीत तर त्यांना राग येणार नाही, येऊ नये.

जुलाब बंद करायची माणसांची गोळीही तशीच. आतड्याची हालचाल थांबते, जंतू आणि विष आतच राहतं.

---

राऊ_१०१ · ९ जानेवारी, दुपारी १:१५

ऊब देण्याबद्दल: पिशवी रात्री बदलणं जमत नसेल तर ६० वॅटचा बल्ब पिंजऱ्यावर टांगला तर चालेल का? आणि सिगडी खोलीत ठेवली तर?

---

तुकोगंज_१२ · ९ जानेवारी, दुपारी २:००

सिगडी अजिबात नको. बंद खोलीत कोळशाचा वायू माणसाला मारतो, ७० ग्रॅमच्या जिवाचं काय! त्याच कारणाने पिंजऱ्याच्या खोलीत उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल पंधरा दिवस बंद. देवघर त्याच खोलीत असेल तर पिंजरा हलवा.

बल्बने तीन गोष्टी बिघडतात. तो रात्रभर उजेड देतो, आणि हॅमस्टर संध्याकाळी-पहाटे वावरणारा प्राणी, त्याला दिवस-रात्र कळेनाशी होते. वरून येणारी उष्णता बिळात शिरलेल्या जिवापर्यंत पोचत नाही. आणि लाईट जाऊन आली की दहा अंशांचा झटका बसतो. त्यापेक्षा विजेची गरम पट्टी घ्या, सगळ्यात कमी सेटिंगवर, पिंजऱ्याच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, मध्ये दुमडलेला टॉवेल. पट्टीच्या वरच्या जागेत थर्मामीटर एक तास ठेवून बघा. २६ च्या वर गेला तर टॉवेलचा आणखी एक थर. हे सगळं हॅमस्टर आत ठेवायच्या आधी करायचं.

---

राऊ_१०१ · ९ जानेवारी, दुपारी २:२०

धन्यवाद दादा. आणि पहाटे गार पडून मुटकुळं करून पडलेला सापडला तर? मेलाय की झोपलाय हे कसं ओळखायचं?

---

महू_रस्ता · ९ जानेवारी, दुपारी ३:१०

थंडीत हॅमस्टर सुप्तावस्थेत जातो. शरीर हाताला गार लागतं, श्वास इतका संथ की मिनिटभर पोट हललेलं दिसत नाही. घाईने निष्कर्ष काढू नका. नाकासमोर मिशा बघा, अधूनमधून हलतात. ओठाच्या आतली बाजू गुलाबी आहे का बघा.

दोन्ही ओंजळींत घेऊन अंगाजवळ धरा, वरून लोकरीचा मफलर. अर्धा तास, तास, कधी दोन तास लागतात. ड्रायर नको, गरम पाण्यात बुडवणं नको, हीटरसमोर धरणं नको. बाहेरची कातडी एकदम तापली की रक्त तिकडे धावतं आणि हृदयाला कमी पडतं. आधी थरथर सुरू होते, मग पाय हलतात. पूर्ण शुद्धीवर येऊन स्वतः ओठ चाटेपर्यंत तोंडात काही घालू नका. मग ओआरएसचा एक थेंब ओठावर ठेवा, चाटला तर दुसरा.

निरोगी हॅमस्टरचं हे झालं. आजारातून उठणारा असा सापडला तर ती सुप्तावस्था धरू नका, तब्येत खचली असं समजा. ऊब देत देतच डॉक्टरांना फोन करा.

---

खजराना_कॉलनी · ९ जानेवारी, रात्री ८:४५

पिंजऱ्याच्या आतलं. वरचे मजले, शिड्या, नळ्या काढून टाका, अशक्त पायाने पडला की मणका दुखावतो. अंथरूण एरवी वीस सेंटिमीटर खोल देतो, आता फक्त चार-पाच. खोल अंथरुणात तो दिसत नाही आणि विष्ठाही दिसत नाही. पांढरा, वास नसलेला टिश्यू पेपर हाताने फाडून घाला. पांढऱ्यावर विष्ठेचा रंग, लघवी, रक्ताचा ठिपका लगेच कळतो. कापूस किंवा दुकानातला रेशमासारखा "नेस्टिंग" कापूस मुळीच नाही, पायाला पीळ पडतो आणि गिळला तर आतड्यात अडकतो. देवदाराचा आणि चीडचा भुसाही नको.

लपायची जागा मात्र ठेवाच. आज घरोघरी असलेले बहुतेक सीरियन हॅमस्टर १९३० मध्ये अलेप्पोजवळ जमिनीखालून खणून काढलेल्या एका मादीच्या पिलांपासून आलेत. बीळ नसलं की त्यांना सुरक्षित वाटतच नाही. पुठ्ठ्याचा डबा, एक दार, तळ नसलेला. उचलला की खाली सगळं दिसतं, आणि घाण झाला की टाकता येतो.

चाक काढावं असं माझं मत. आजारी असतानाही तो सवयीने धावतो आणि आपण कष्टाने भरवलेलं सगळं जाळतो.

---

पलासिया_चौक · ९ जानेवारी, रात्री ९:२०

चाकाबद्दल पूर्ण सहमत नाही. पहिले चार-पाच दिवस काढा, हो. पण पंधरा दिवस काढून ठेवलं तर तो जाळी चावत बसतो, दात मोडतात, ताण वाढतो, आणि वेट टेलला ताणाचीच साथ लागते. विष्ठा दोन दिवस घट्ट आली आणि वजन दोन दिवस चढलं की संध्याकाळी अर्धा तास चाक लावा, मग काढा. दुसऱ्या दिवशी वजन उतरलं तर आणखी दोन दिवस थांबा.

---

खजराना_कॉलनी · ९ जानेवारी, रात्री ९:३१

हे बरोबर वाटतं. वजनावर ठरवणं दिवसांवर ठरवण्यापेक्षा चांगलं. माझं वाक्य मागे घेतो.

---

लोकमान्यनगर_वहिनी · १० जानेवारी, सकाळी १०:००

साफसफाई किती करायची? रोज सगळं बदलून फिनाइलने पुसते.

---

सुदामानगरकर · १० जानेवारी, सकाळी १०:४०

वहिनी, फिनाइल आजपासून बंद करा. नुसता वासाचा त्रास नाही, त्यातले घटकही छोट्या प्राण्यांना विषारी आहेत, आणि हॅमस्टर पाय चाटतो.

आधी साबणाच्या गरम पाण्याने धुवा, लघवी पूर्ण निघू द्या. मग घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं. मग तीनदा स्वच्छ पाणी आणि कडक उन्हात पूर्ण वाळवणं. लघवी राहिली असताना ब्लीच ओतलं तर अमोनियाशी मिळून झोंबणारा वायू निघतो, म्हणून क्रम उलटा करू नका. लाकडी घर, लाकडी शिडी फेकून द्या, जंतू लाकडात मुरतात.

पण हे आजाराच्या सुरुवातीला एकदा आणि औषध संपल्यावर एकदा. रोज फक्त खराब झालेला भाग काढायचा, सकाळ-संध्याकाळ. कोरड्या, स्वच्छ घरट्यातला मूठभर कागद तसाच ठेवायचा. स्वतःचा वास नाहीसा झाला की त्याला परक्या जागी आल्यासारखं होतं, खाणं सोडतो. मायेने केलेली अति स्वच्छता या आजारात नडते.

घरात दुसरा हॅमस्टर असेल तर आधी निरोग्याचं काम, मग आजाऱ्याचं, आणि साबणाने हात धुणं. भांडी, बाटली, चमचा सगळं वेगळं. खोली वेगळी असली तर उत्तम. आणि कचरा गाडीत देताना सुया वेगळ्या. आपल्याकडे घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो, त्यात. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण लावून द्या, गाडीवरच्या माणसाच्या हाताला टोचू नये.

मागची बाजू ओली राहिली तर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने टिपा, घासू नका, लगेच मऊ कपड्याने कोरडी करा. आंघोळ नाही, वाळूची आंघोळही नाही, ओल्या केसांना वाळू चिकटून कातडी सोलते. पावसाळ्यात हाच आजार झाला तर माश्या तिथे अंडी घालतात, म्हणून दिवसातून दोनदा केस बाजूला करून बघायचं आणि पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाकायचं.

---

क्षिप्रा_म · १० जानेवारी, रात्री ८:१५

आज ७२ ग्रॅम. सकाळी ७३ होता, दुपारी ७१. हे काट्याचं चुकतंय की त्याचं वजन खरंच एवढं हलतंय?

---

पलासिया_चौक · १० जानेवारी, रात्री ८:५०

दोन्ही. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो आणि प्राणी हलला की आकडा नाचतो. ड्वॉर्फला तर तो काटा निरुपयोगीच, ३५ ग्रॅमचे दहा टक्के म्हणजे साडेतीन ग्रॅम. सराफ्यात सोनं तोलायचे छोटे काटे असतात, ०.१ किंवा ०.०१ ग्रॅम दाखवणारे, तसा एक खिशातला काटा घ्या. कमाल वजन ५०० ग्रॅमचा असू द्या, म्हणजे डबा ठेवूनही जागा उरते. उभट प्लास्टिकचा डबा ठेवून शून्य करा, आत टिश्यूचा तुकडा, त्यावर हॅमस्टर. आकडा तीन वेळा घ्या, मधला धरा.

वेळ एकच. संध्याकाळी तो स्वतः उठल्यावर, भरवायच्या आधी. आणि गालाच्या पिशव्या बघून. दाणे भरलेले असतील तर दोन-तीन ग्रॅम तिथेच असतात आणि तुम्ही उगाच खूश होता.

वहीत तीन रकाने पुरतात: वजन, विष्ठा, स्वतः खाल्लेलं. विष्ठेपुढे "ठीक" लिहू नका. पाणी, पेस्ट, मऊ गोळी, घट्ट गोळी, यापैकी एक लिहा आणि साधारण किती ते लिहा. पाणी किती प्यायला हे बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारली की कळतं. बाटलीचं टोक रोज बोटाने दाबून बघा, गोळी अडकली की पाणी येत नाही आणि बाटली भरलेली दिसत राहते. अशक्त असेल तर शेजारी बुटकी वाटी, एक सेंटिमीटर पाणी, जास्त नाही.

पाणी कमी पडलंय का हे मानेची कातडी ओढून बघतात, पण हॅमस्टरची कातडी मुळातच सैल, फसवते. डोळे आत गेलेत का, हिरड्या बोटाला चिकट लागतात का, हे बघा.

---

राऊ_१०१ · ११ जानेवारी, सकाळी ९:००

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायचं ठरवलं तर एवढा प्रवास सोसेल का?

---

महू_रस्ता · ११ जानेवारी, सकाळी ९:४५

इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटर, नीट नेलं तर सोसतो. १९५५ पासूनचं महाविद्यालय आहे, तरी निघण्याआधी फोन करून छोटे प्राणी बघणारं कुणी त्या दिवशी आहे का ते विचारा.

पिंजरा नेऊ नका. झाकणाला भोकं पाडलेला बुटाच्या खोक्याएवढा प्लास्टिकचा डबा, आत त्याच्याच घरट्यातला कागद. पाण्याची बाटली लावू नका, रिक्षाच्या धक्क्यांनी ती गळते, अंथरूण भिजतं आणि ओला हॅमस्टर दहा मिनिटांत गारठतो. निघताना आणि पोचल्यावर सिरिंजने पाणी द्या. डब्याच्या एका बाजूला बाहेरून गरम पाण्याची छोटी बाटली, मोज्यात घालून. सकाळी नऊच्या आत नको, ऊन वर येऊ द्या. त्या दिवशीची ताजी विष्ठा स्वच्छ डबीत, वजनाची वही आणि औषधाची बाटली बरोबर.

मात्र गुदद्वारातून गुलाबी-लाल मांसल टोक बाहेर आलेलं दिसलं तर वेळ बघू नका. जोराच्या जुलाबाने आतडं बाहेर येतं. सलाइनने भिजवलेला गॉज त्यावर ठेवा, सुकू देऊ नका, स्वतः आत ढकलू नका, आणि निघा. रात्र असली तरी.

---

क्षिप्रा_म · १४ जानेवारी, रात्री ९:०५

तीन दिवसांचे आकडे: ७३.४, ७४.१, ७५.८. विष्ठा कालपासून मऊ गोळी, आज संध्याकाळी घट्ट. स्वतः पेलेट खायला लागला. उद्याच्या संक्रांतीनिमित्त घरचे तिळगुळाचा कण द्या म्हणतायत, आणि काकडी, पालक. कधीपासून द्यावं?

---

सुदामानगरकर · १४ जानेवारी, रात्री ९:५०

फार छान ताई, वजन चढतंय हे वाचून बरं वाटलं. तिळगुळ नको, ना आता ना नंतर. गूळ गालाच्या पिशवीत चिकटून बसतो, आणि ड्वॉर्फमध्ये तर मधुमेहाची खोड असते. घरातली शेव, चिवडा, पोहेही नाहीत: मीठ, तेल, आणि फोडणीतला कांदा-लसूण त्याला विषारी.

घट्ट गोळी सलग चार दिवस दिसू द्या. तोवर पेलेट, सुका दलिया, थोडं उकडलेल्या अंड्यातलं पांढरं, वाटाण्याएवढं, प्रथिनांसाठी. न खाल्लेलं दोन तासांनी काढा, आणि घरट्यात साठवून ठेवलेलं ओलं अन्न रोज शोधून काढा. पाचव्या दिवशी गाजराचा वाटाण्याएवढा तुकडा, एकच भाजी. दोन दिवस विष्ठा घट्ट राहिली तर दुसरी भाजी. काकडी आणि पालेभाजी सगळ्यात शेवटी, त्यात नुसतं पाणी.

सिरिंजचं भरवणं एकदम तोडू नका. दर तीन तासांवरून सहा, मग फक्त रात्री एकदा. औषध मात्र सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण, घट्ट गोळी दिसली म्हणून थांबवायचं नाही.

दातही बघा. आठवडाभर मऊ अन्नावर राहिला की पुढचे दात झिजत नाहीत. वरचे आखूड, खालचे बरेच लांब, हे नेहमीचंच आहे. पण खालचे वर टाळूला टेकताना किंवा वाकडे वळताना दिसले तर डॉक्टरांकडून कापून घ्या. नेलकटरने कापलात तर दात उभा चिरतो.

---

महू_रस्ता · १४ जानेवारी, रात्री १०:३०

ताई, एक गोष्ट पुढचे तीन-चार आठवडे वहीत ठेवा. या आजारात आतड्याची आतली बाजू जाड होते, आणि प्राणी बरा दिसू लागल्यावरही नंतर आतडं अरुंद होऊन किंवा एकात एक शिरून अडथळा येऊ शकतो. तेव्हा जुलाब नसतात, उलट गोळ्या कमी होतात. घरच्यांना वाटतं पोट आता सुधारलं. रोजच्या गोळ्या निम्म्यावर आल्या, पोट घट्ट फुगलं, पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसला, डोळे अर्धे मिटलेले, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याच दिवशी दाखवा. पोट चोळू नका, तेल-एरंडेल काही देऊ नका.

---

क्षिप्रा_म · १४ जानेवारी, रात्री १०:५२

हे माहीतच नव्हतं. वहीत गोळ्यांचा रकाना आहे, पण "भरपूर" असं लिहीत होते. आजपासून मोजते. सगळ्या तर सापडणार नाहीत ना?

---

पलासिया_चौक · १४ जानेवारी, रात्री ११:१०

सगळ्या सापडायची गरज नाही. पुठ्ठ्याच्या घराखाली आणि चाकाच्या जागेखाली एकेक पांढरा टिश्यू सपाट अंथरा. रोज रात्री आठला त्याच दोन टिश्यूंवरच्या गोळ्या मोजा आणि टिश्यू बदला. आकडा अपुरा असला तरी रोज एकाच जागेचा, एकाच वेळचा आहे, त्यामुळे आज चाळीस आणि परवा पंधरा हे लगेच दिसतं. मोजताना एक-दोन गोळ्या टिश्यूवर चिरडून बघा. आत सगळीकडे सारखा तपकिरी रंग हवा. शेंबडासारखा थर किंवा लाल रेघ दिसली तर फोटो काढून ठेवा आणि ती गोळी डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळी डॉक्टरांकडे न्यायला.